ताट आपलेच, वाटे नवे : मधुमेहाच्या उंबरठ्यावरील आहार

(सिंगापूर येथील मराठीभाषक कुटुंबांपुढे केलेले भाषण, ध्वनिमुद्रणावरून)



आजच्या सभेत आरोग्याविषयी चार शब्द बोलावेत अशी सूचना आली, तेव्हा विषय निवडण्यास मला वेळ लागला नाही. मी डॉक्टर नाही. मुंबईत परिचर्येची पदविका घेऊन पस्तीस वर्षे रुग्णालयांत नोकरी केली आणि निवृत्तीनंतर मुलीच्या घरी सिंगापुरात राहावयास आले. तेव्हा मी जे सांगणार आहे ते एका परिचारिकेने पाहिलेले आहे, आणि काही अंशी स्वतःच्या देहावर करून पाहिलेले आहे. विषय आहे मधुमेहपूर्व अवस्था, जिला हल्ली घरोघरी प्रीडायबेटीस म्हणतात, आणि ती आहाराने कशी आवरता येते.

प्रथम ही अवस्था म्हणजे काय ते पाहू. आपण भात खाल्ला, पोळी खाल्ली, फळ खाल्ले, तरी त्याचे ग्लुकोज होऊन ते रक्तात उतरते. रक्तातील ही साखर पेशींत पोहोचविण्याचे काम इन्सुलिन करते आणि इन्सुलिन तयार होते स्वादुपिंडात. वय वाढते, पोटाभोवती चरबी साठते, हालचाल कमी होते, तशा पेशी इन्सुलिनला पूर्वीसारखी दाद देईनाशा होतात. स्वादुपिंड अधिक इन्सुलिन तयार करून काही वर्षे निभावून नेते. पुढे ते थकू लागते आणि साखर हळूहळू चढू लागते. ती नेहमीपेक्षा अधिक आहे, पण अजून मधुमेह म्हणण्याइतकी नाही, असा हा मधला काळ. या काळात काहीही दुखत नाही, तहान वाढत नाही, वजन घटत नाही. म्हणून रक्त तपासल्यावाचून तो कळत नाही.

येथे आकड्यांविषयी एक खुलासा करते, कारण आपल्यापैकी अनेकांचे अर्धे अहवाल मुंबईचे आणि अर्धे सिंगापूरचे असतात. सिंगापुरात साखर मिलिमोलमध्ये मोजतात, भारतात मिलिग्रॅममध्ये. येथील आकड्यास १८ ने गुणले की भारतातील आकडा येतो. उपाशीपोटी ६.१ ते ६.९ मिलिमोल, म्हणजे सुमारे ११० ते १२५ मिलिग्रॅम, ही येथे मधुमेहपूर्व अवस्था मानतात. ७.० म्हणजे १२६, आणि तेथून पुढे मधुमेह. भारतात पुष्कळ ठिकाणी १०० मिलिग्रॅमपासूनच सावध करतात. त्यामुळे एकाच व्यक्तीचा अहवाल मुंबईत ‘वाढलेली’ आणि येथे ‘ठीक’ असा येऊ शकतो. त्यात विसंगती काही नाही. मोजणीची रेघ निराळी आहे, इतकेच. शंका असल्यास डॉक्टर ग्लुकोज पिण्यास देऊन दोन तासांनी पुन्हा तपासणी करतात, अथवा मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी एचबीए१सी ही चाचणी करवितात.

आता, न दुखणाऱ्या गोष्टीची इतकी चिंता का करावी? शल्यविभागात मी अनेक वर्षे मधुमेही रुग्णांच्या पायांच्या जखमा धुतल्या आहेत. चप्पल चावल्याचे निमित्त होते. पायाला संवेदना उरलेली नसल्यामुळे जखम झालेली समजत नाही. प्रथम बोट काढावे लागते, नंतर पाऊल, आणि काहींचा गुडघ्याखालचा पाय. पट्टी बदलताना त्यांतील पुष्कळ जण मला विचारीत, ‘सिस्टर, हे आधी कळले असते तर?’ त्या प्रश्नाचे उत्तर मी तेव्हा देत नसे, कारण त्या खाटेवर त्या उत्तराचा उपयोग नव्हता. ते उत्तर आज तुम्हांला देते. त्या प्रत्येकाच्या आयुष्यात काही वर्षे अशी येऊन गेली होती की ज्यांत साखर नुकती चढू लागली होती आणि ती ताटावरूनच परत फिरविता येण्याजोगी होती. तुमच्यापैकी काही जण आज त्या वर्षांत असतील.

चार वर्षांपूर्वी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, माझी स्वतःची उपाशीपोटीची साखर ६.५ आली, म्हणजे ११७ मिलिग्रॅम. वजन ६४ किलो होते. डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली नाही. आहार बदला, चाला, तीन महिन्यांनी या, असे त्या म्हणाल्या. येथून माझा खरा अभ्यास सुरू झाला.

पहिला प्रश्न मनात आला तो असा की, आपल्या लोकांत ही व्याधी इतकी का असावी? याचे उत्तर शोधताना मला रामबाम यांचे एक निरीक्षण सापडले. रामबाम धर्मशास्त्राचे आचार्य होते तसेच मिसरातील नामांकित वैद्यही होते. आपल्या वैद्यकीय लेखनात ते नोंदवितात की, पश्चिमेकडील देशांत असताना त्यांना हा रोग दिसला नव्हता. मिसरात मात्र सुमारे दहा वर्षांत विसाहून अधिक रुग्ण पाहावयास मिळाले. त्यांनी दिलेले कारण आजच्या विज्ञानाला मान्य नाही, पण देश बदलला की रोगाचे प्रमाण बदलते, ही गोष्ट आठशे वर्षांपूर्वी त्यांच्या ध्यानात आली होती.

हीच गोष्ट १९६१ साली इस्राएलमध्ये पुन्हा दिसली. डॉ. ए. एम. कोहेन यांनी येमेनहून आलेल्या ज्यू लोकांची तपासणी केली. नुकत्याच आलेल्यांत मधुमेह हजारांत एकालाही पुरता नव्हता. जे पंचवीस वर्षे किंवा त्याहून अधिक काळ इस्राएलमध्ये राहत होते, त्यांच्यात तो शंभरांत सुमारे तिघांना होता. रक्त तेच, पूर्वज तेच. येमेनमध्ये त्यांच्या आहारात साखर जवळजवळ नव्हतीच. नव्या देशात ती रोजची झाली.

आपल्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आपण भारतीय बाहेरून किरकोळ दिसलो तरी आत चरबी बाळगून असतो. म्हणून ‘मी कुठे लठ्ठ आहे?’ हा दिलासा आपल्याला पुरेसा नाही. सिंगापुरातही हा निर्देशांक २३ च्या वर गेला की धोका वाढला असे धरतात.

येथील सरकारने २०१६ साली मधुमेहाविरुद्ध युद्धच पुकारले. पुढच्या वर्षी पंतप्रधान ली श्येन लूंग यांनी राष्ट्रीय दिनाच्या भाषणात या विषयाला मोठा वेळ दिला. साठ वर्षांवरील भारतीय वंशाच्या दहा सिंगापूरकरांत सहा जणांना मधुमेह आहे, असे त्यांनी सांगितले. आपली कुटुंबे मोजकी आहेत. हा हिशेब आपल्या सभागृहास लावला तर काय होईल, ते मी बोलून दाखवीत नाही.

परंतु या अवस्थेची चांगली बाजू तितकीच पक्की आहे. चीनमधील दाछिंग या शहरात १९८६ साली अशा उंबरठ्यावरील ५७७ व्यक्तींवर प्रयोग सुरू झाला. सहा वर्षांनी, ज्यांनी काही बदलले नाही त्यांच्यापैकी शंभरांत सुमारे ६८ जणांना मधुमेह झालेला होता. ज्यांनी केवळ आहार बदलला त्यांच्यात ४४ जणांना. चेन्नईत डॉ. रामचंद्रन यांनी ५३१ भारतीयांवर केलेला प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. तेथे तीन वर्षांत हे प्रमाण ५५ वरून ३९ वर आले. अमेरिकेतील २००२ सालच्या मोठ्या प्रयोगात आहार, चालणे आणि थोडे वजन उतरविणे यांनी धोका ५८ टक्क्यांनी घटला; साठीपुढच्या मंडळींत तर ७१ टक्क्यांनी. ‘आता या वयात काय बदलायचे?’ असे म्हणणाऱ्यांनी हा शेवटचा आकडा लक्षात ठेवावा.

आता प्रत्यक्ष ताटाकडे येते. आपले जेवण सोडून कोणते तरी परके जेवण अंगीकारावे, असे मी म्हणत नाही. आपले पूर्वज कोकणात भात, मासे, नारळ आणि कडधान्ये यांवरच जगले. मात्र शेतावर आणि तेलाच्या घाण्यावर ते दिवसभर राबत. आपण लिफ्टने उतरतो आणि एमआरटीत बसतो. ताटातील पदार्थ तेच राहू द्यावेत, त्यांचे वाटे मात्र बदलावेत. येथील आरोग्य प्रोत्साहन मंडळ सांगते की, अर्धे ताट भाजी व फळांचे, पाव ताट मासे, मांस, अंडी वा डाळीचे आणि पाव ताट धान्याचे असावे. आपल्या घरी अर्ध्याहून अधिक ताट भाताचे असते आणि भाजी कडेला चमचाभर. हे उलटे केले की निम्मे काम झाले.

भाताविषयी राग नको, पण त्याचे मोजमाप हवे. एका वाटी शिजलेल्या भातात सुमारे ४० ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात. साडेतीन लाख लोकांच्या माहितीवर आधारलेला एक आढावा २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात रोजच्या पांढऱ्या भाताच्या प्रत्येक वाढत्या वाढणीमागे मधुमेहाचा धोका सुमारे ११ टक्क्यांनी वाढलेला दिसला. मी दुपारी एक वाटी भात ठेवला आणि रात्रीचा बंद केला. रात्री एक लहान भाकरी घेते, बहुधा ज्वारीची किंवा नाचणीची. दोन्ही पिठे सेरंगून रोडच्या परिसरात मिळतात. एवढे मात्र ध्यानात ठेवावे की तांदळाची भाकरी हा भातच आहे आणि नाचणीची भाकरीही तीन खाल्ल्यास गुण देणार नाही.

दुसरी गोष्ट खाण्याच्या क्रमाची. प्रथम भाजी, मग मासे अथवा डाळ आणि शेवटी भात, अशा क्रमाने खाल्ल्यास जेवणानंतर साखर कमी चढते, असे जपान, अमेरिका आणि सिंगापूर येथील प्रयोगांत दिसले आहे. यासाठी एक पैसाही अधिक लागत नाही. भात शेवटी आला की पोट आधीच अर्धे भरलेले असते. आणि पोट तुडुंब भरण्यापूर्वी, सुमारे पाऊण भरले असता थांबावे, हा रामबाम यांचाच उपदेश आहे.

तिसरी गोष्ट कडधान्यांची. बिरड्याचा रोजा आपल्याला ठाऊक आहे. त्या दिवशी बिरडे खातात. वाल भिजवावे, मोड आणावेत, सोलावेत, हे काम खटपटीचे खरे. पण त्या वाटीभर बिरड्यात प्रथिने आणि तंतू दोन्ही आहेत आणि त्याची साखर रक्तात सावकाश उतरते. जे वर्षातून एकदा आठवणीने करतो ते आठवड्यातून दोनदा करावे. मूग, मटकी, चवळी यांचेही तसेच. माशांचे कालवण जरूर करावे; मात्र नारळाचे दाट दूध रोज न घालता कधी पातळ दूध, कधी कोकम किंवा चिंच यांवर करावे. नारळाने साखर फारशी चढत नसली तरी वजन आणि कोलेस्टेरॉल चढते.

चौथी गोष्ट पेयांची, आणि माझ्या मते येथेच सर्वांत मोठा लाभ आहे. दिवसाला चार कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर असा हिशेब करा. आठ चमचे, म्हणजे ४० ग्रॅम. महिन्याला १ किलो २०० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला सुमारे २५ ग्रॅमच्या आत राहणे उत्तम मानते. कॉफीच्या टपरीवर नुसते ‘कोपी’ किंवा ‘तेह’ म्हटले की गोड आटविलेले दूध येते. ‘कोसोंग’ म्हणावे, म्हणजे बिनसाखरेचे मिळते. एकदम जमत नसल्यास काही आठवडे ‘स्यू दाय’, म्हणजे कमी गोड, असे मागावे. जिभेला महिनाभरात सवय होते. तयार पेयांवर २०२२ च्या अखेरीपासून ए ते डी अशी श्रेणी छापतात. डी श्रेणीच्या पेयात १०० मिलिलिटरला १० ग्रॅमहून अधिक साखर असते. नातवंडांना ती अक्षरे वाचावयास शिकवा. ती आपल्यावर चांगला पहारा ठेवतात. फळ खावे, पण रस काढून पिऊ नये. आणि गूळ, मध, खजूर यांना औषध समजू नये. रक्तात गेल्यावर गुळाची आणि साखरेची ओळख वेगळी राहत नाही.

आता सणांचा प्रश्न. एलियाहू हन्नाबीचा मलिदा, नव्याच्या सणाचा हलवा, शब्बाथच्या किद्दुशचे मनुकांचे सरबत, हे सोडावयाचे का? माझे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. मलिदा नवसाचा असतो. तो महिन्यातून एकदा येवो की दोनदा, मूठभर घ्यावा आणि आनंदाने खावा. त्या दिवशी भात तेवढा वगळावा, कारण मलिद्यातील पोहे म्हणजे तांदूळच. सोबतच्या फळांतून एक फोड घ्यावी. मनुकांच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो. तेव्हा किद्दुश म्हणणाऱ्याने प्यालातील विहित घोट घ्यावा आणि बाकीच्यांनी ओठ ओले करण्यापुरते प्यावे. पेला भरून पिण्याची आज्ञा कोठेही नाही. साखर सणाने चढत नाही. ती चढते दोन सणांमधल्या रोजच्या बिस्किटांनी, खारीने आणि गोड चहाने.

योम किप्पूरच्या उपवासाविषयी अनेक जण विचारतात. औषध चालू नसेल तर या अवस्थेत उपवास सहसा बाधत नाही. तो सोडताना मात्र गोडावर तुटून पडू नये. ज्यांना इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या चालू आहेत त्यांनी आधी डॉक्टरांचा आणि रब्बींचा सल्ला घ्यावा. जीव राखणे हे उपवासाहून मोठे कर्तव्य आहे, हे आपले धर्मशास्त्रच सांगते.

वृद्धांसाठी एक सावधगिरीची सूचना. अमेरिकेतील प्रयोगात वजनाच्या ७ टक्के उतरविण्याचे ध्येय होते. माझ्या ६४ किलोंत ते साडेचार किलो होते. परंतु जे मुळातच कृश आहेत त्यांनी वजन उतरविण्याच्या मागे लागू नये. सत्तरीनंतर उपासमार केली की चरबीबरोबर स्नायूही झिजतात, तोल जातो आणि पडून हाड मोडते. भात कमी केला तर त्या जागी मासा, अंडे वा डाळ आलीच पाहिजे. आणि जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालावे. ब्लॉकखालच्या आडोशाने पावसातही चालता येते.

माझ्यापुरते सांगावयाचे तर आठ महिन्यांनी वजन साडेएकोणसाठ किलोंवर आले आणि साखर ५.७ वर. चार वर्षे ती सहाच्या आत आहे. मी बरी झाले असे म्हणत नाही. जुने ताट परत आले तर जुना आकडाही परत येईल, म्हणून दरवर्षी रक्त तपासून घेते.

शेवटी जे सांगते ते सर्वांत अवघड आहे. वर सांगितलेल्यांपैकी भात मला अवघड गेला नाही, चहाही गेला नाही. अवघड गेला तो आग्रह. आपण थोडी माणसे परदेशात एकमेकांच्या घरी जेवतो. जिने पहाटे उठून हलवा घोटला, तिला ‘नको’ म्हणणे म्हणजे तिचे प्रेम परत करणे, असे आपण मानत आलो. म्हणून येथे एकट्यादुकट्याने ताट बदलता येत नाही. यजमानिणीची साथ लागते. सुनांना आणि मुलींना माझी विनंती आहे की, पाहुण्याच्या ताटात दुसरी वाढणी त्याने मागितल्यावाचून घालू नका. चहात साखर घालण्याआधी विचारा. मेजावर बिरडे आणि कोशिंबीर हलव्याच्या आधी मांडा. आणि पुरुष मंडळींनी आपला आकडा घरात लपवू नये. ६.५ हा आकडा लाजेचा नाही. तो वेळेवर हाती आलेला निरोप आहे. या महिन्यात प्रत्येक चाळिशीपुढच्या व्यक्तीने रक्त तपासून घ्यावे आणि आपला आकडा घरच्यांना सांगावा, एवढेच मागणे मी या सभेपुढे ठेवते.

आपल्या जिवाला जपावे, असे तोरा आपल्याला सांगते. परमेश्वर तुम्हां सर्वांस दीर्घ आणि निरोगी आयुष्य देवो. आमेन.